हिरव्या हंगामाची घडण : लकी स्ट्राइकचे १९३४ सालचे प्रकरण

१९३४ सालच्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतली फॅशनची पाने चाळणाऱ्या कोणाचीही खात्री पटली असती, की यंदाचा हंगाम हिरव्या रंगाचा आहे. रेशमाचे कारखानदार तसे सांगत होते, फॅशनच्या संपादिका तसे लिहीत होत्या, मोठी दुकाने त्या बेताने माल मागवत होती आणि शहरातल्या धनाढ्य घरांतल्या स्त्रिया एका धर्मादाय नृत्यसमारंभासाठी हिरवे गाऊन शिवून घेत होत्या. या सगळ्याला चालना देणारा पैसा एका सिगारेट कंपनीचा होता आणि तिचे नाव त्यात कोठेही येत नव्हते.

एखाद्या उद्योगातला 'ट्रेंड' जनसंपर्काच्या कार्यालयात कसा घडवला जातो, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण ज्याने तो घडवला त्या एडवर्ड बर्नेझ या जनसंपर्क व्यावसायिकानेच १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात त्याची हकिकत लपवाछपवी न करता, किंबहुना काहीशा अभिमानाने लिहून ठेवली आहे. अर्थात हीच या प्रकरणाच्या अभ्यासातली अडचणही आहे. आपल्या हाती असलेली बरीचशी माहिती कारागिराने स्वतःच्या कारागिरीविषयी दिलेली आहे, आणि स्वतःच्या प्रभावाविषयी कमी बोलणे हा बर्नेझ यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे पुढे काय काय केले गेले हे त्यांच्या शब्दावर घेता येते. त्याचा परिणाम किती झाला, हे मात्र त्यांच्या शब्दावर घेऊ नये.

अडचण कोणाची आणि कशी

अमेरिकन टोबॅको कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांच्यासाठी बर्नेझ १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होते. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, फिफ्थ अॅव्हेन्यूवर तरुण स्त्रियांनी उघड्यावर सिगारेटी पेटवल्या आणि ती 'स्वातंत्र्याच्या मशालीं'ची बातमी म्हणून देशभर छापून आली. तो बेतही याच जोडीचा. स्त्रियांनी रस्त्यात सिगारेट ओढावी, एवढे त्या बेताचे उद्दिष्ट होते. पाच वर्षांनंतरची अडचण अधिक बारीक होती. स्त्रिया सिगारेट ओढू लागल्या होत्या, पण कंपनीची लकी स्ट्राइक ही सिगारेट घ्यायला कचरत होत्या, कारण तिचे गडद हिरवे, मध्ये लाल वर्तुळ असलेले पाकीट त्यांच्या कपड्यांना आणि हातातल्या पर्सला विजोड दिसते, असे कंपनीच्या पाहण्यांतून पुढे येत होते.

बर्नेझ यांनी दिलेला पहिला सल्ला अगदी सरळ होता : पाकिटाचा रंग बदलून कशावरही शोभेल असा करा. हिल यांनी तो धुडकावला. ते पाकीट लोकांच्या डोळ्यांत भरावे म्हणून कंपनीने लाखो डॉलर जाहिरातीत ओतले होते आणि ते पाण्यात घालायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा बर्नेझ म्हणाले, की पाकिटाचा रंग बदलायचा नसेल तर फॅशनचा रंग बदलून हिरवा करावा लागेल. हे वाक्य आता जनसंपर्काच्या इतिहासात चमकदार उत्तर म्हणून सांगितले जाते. मला त्यातली चमक तितकी महत्त्वाची वाटत नाही. त्या वाक्यासरशी विकायची वस्तू गोष्टीतून बाहेर गेली, हे महत्त्वाचे. जाहिरात वस्तूचे नाव घेते आणि म्हणून वाचक सावध राहतो. येथून पुढच्या सहा महिन्यांत जे काही छापले जाणार होते त्यात सिगारेट नसणार होती, सिगारेटचे पाकीटही नसणार होते. होता तो केवळ एक रंग, आणि रंगाविषयीची बातमी वाचताना कोणी सावध होत नाही.

मूळचा खरा अंश

बर्नेझ यांनी सुरुवात वाचनाने केली. रंगांच्या अर्थांविषयीच्या पुस्तकांत हिरवा रंग आशेचे, रोगावरच्या विजयाचे आणि समृद्धीचे प्रतीक म्हटला जातो, हे त्यांनी टिपून घेतले. त्याहून कामाची बाब त्यांना फ्रेंच फॅशनगृहांच्या आकड्यांत सापडली : काही गृहांच्या त्या वेळच्या कपड्यांत सुमारे २० टक्के कपडे हिरवे होते.

या २० टक्क्यांवर थोडे थांबायला हवे. घडवलेला ट्रेंड पूर्णपणे खोटा असतो असा एक सोयीचा समज आहे, आणि त्या समजामुळेच तो ओळखता येत नाही. निव्वळ खोटे सांगणाऱ्या प्रेसनोटा उपसंपादकाच्या टोपलीत जातात. टिकते ती अशी प्रेसनोट, जिच्यातले प्रत्येक वाक्य तपासले तर खरे निघते. पॅरिसमध्ये हिरवे कपडे होतेच. तितक्याच प्रयत्नाने निळ्याचे किंवा तपकिरीचेही आकडे जमवता आले असते; पण ते जमवायला कोणी पैसे देत नव्हते, म्हणून ते जमले नाहीत. येथे निवड हीच लबाडी होती, आणि निवड कोणी केली हे आकड्यावर लिहिलेले नसते.

समारंभ, रेशीम आणि जेवण

नंतरची पायरी होती प्रतिष्ठेची. बर्नेझ नार्सिसा व्हँडरलिप यांच्याकडे गेले. त्या बँकर फ्रँक व्हँडरलिप यांच्या पत्नी, आणि एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८५७ मध्ये गरीब स्त्रिया व मुलांसाठी सुरू केलेल्या न्यूयॉर्क इन्फर्मरी या रुग्णालयाच्या कामातल्या अग्रणी होत्या. रुग्णालयाला पैशाची गरज नेहमीचीच होती. बर्नेझ यांचा प्रस्ताव असा, की वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात निधीसाठी एक नृत्यसमारंभ करावा. त्याचा २५,००० डॉलरपर्यंतचा खर्च एक निनावी प्रायोजक उचलेल. समारंभाच्या प्रसिद्धीचे काम बर्नेझ यांचे कार्यालय पाहील. मिळणारा निधी कुपोषित मुलांचे दूध, हृदयरुग्णांचे कपडे अशा कामांना जाईल. अट एकच, समारंभाचा रंग हिरवा राहील आणि येणाऱ्या स्त्रिया हिरव्या गाऊनमध्ये येतील. निनावी प्रायोजकाचा हेतू काय, हा प्रश्न साहजिकच निघाला. हा प्रायोजक 'पॅरिस ग्रीन' नावाच्या विषाचा विक्रेता नाही, असे सांगून बर्नेझ यांनी तो हसण्यावारी नेला. पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकयुक्त हिरवे कीटकनाशक. आज तंबाखूविषयी जे माहीत आहे ते लक्षात घेता हा विनोद वाचवत नाही.

समारंभ नोव्हेंबरमध्ये होणार होता; पण बर्नेझ यांच्या दृष्टीने त्याचे खरे काम त्याआधीच्या महिन्यांतच होते. हिरवा गाऊन आला की त्याला जुळणारे हातमोजे, बूट, पर्स, दागिने, रुमाल हे सगळे आले, आणि ते बनवणारे वेगवेगळे धंदे आले. शहरातल्या सर्वांत मोठ्या घरांतल्या स्त्रिया या हंगामात हिरवे नेसणार आहेत, ही खबर या प्रत्येक धंद्यासाठी मोलाची होती, आणि ती खरीही होती. ही खबर घेऊन बर्नेझ ओनोंडागा सिल्क कंपनीचे प्रमुख फिलिप व्होगेलमन यांच्याकडे गेले. हिरव्या लाटेत सर्वांच्या पुढे राहण्याची संधी व्होगेलमन यांना दिसली आणि फॅशनच्या संपादकांसाठी त्यांनी दुपारचे भोजन ठेवले.

त्या भोजनाचा मेनू उपलब्ध आहे आणि तो वाचताना हसू आवरत नाही. हिरव्या शेंगा, शतावरीच्या कोंबांचे सॅलड, लॅम्ब चॉप्सच्या सोबत पुन्हा हिरव्या शेंगा, पिस्त्याचे गोठवलेले मूस, पुदिन्याच्या हिरव्या गोळ्या आणि शेवटी क्रेम द मेंथ हे पुदिन्याचे हिरवे मद्य. जेवणानंतर हंटर कॉलेजच्या कला विभागाच्या प्रमुखांनी थोर चित्रकारांच्या चित्रांतल्या हिरव्या रंगावर व्याख्यान दिले आणि एका मानसशास्त्रज्ञाने त्या रंगाचे मनावर होणारे परिणाम उलगडून सांगितले. असे विद्वान या कामाला इतक्या तत्परतेने का येतात, याचे बर्नेझ यांना आधी नवल वाटे. पुढे त्यांच्या लक्षात आले, की आपल्या आवडीच्या विषयावर बोलायला मिळणे आणि त्यातून प्रसिद्धी मिळणे त्यांना हवेच असते. त्या प्राध्यापकांना कोणी खोटे बोलायला सांगितले नव्हते. चित्रकारांनी हिरवा रंग वापरला आहेच. प्रश्न एवढाच, की त्या दुपारी, त्या संपादकांसमोर, त्या विषयावर त्यांनी बोलावे असे कोणाला वाटले, आणि याचे उत्तर त्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या बाजूने व्होगेलमन यांच्या कंपनीच्या आश्रयाने 'कलर फॅशन ब्युरो' नावाचे एक कार्यालय उघडण्यात आले. नावावरून ते रंगांचा अभ्यास करणारी संस्था वाटे. बर्नेझ यांच्या नोंदीप्रमाणे ७७ वृत्तपत्रे, ९५ मासिके, ३०१ मोठी दुकाने आणि १७५ रेडिओ केंद्रांनी या ब्युरोकडे माहिती मागितली. मागितली, हे क्रियापद येथे नीट वाचावे. सुरुवातीला माहिती धाडली जात होती. काही आठवड्यांत लोक ती स्वतःहून विचारू लागले. घरसजावट करणारे, फर्निचरवाले, महिला मंडळे यांच्याकडेही पत्रे गेली, कारण पडदे आणि गालिचे हिरवे झाले तर त्या खोलीत ठेवलेले हिरवे पाकीटही आपोआप शोभले असते.

धंदा स्वतःहून का वळतो

या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी बाब मला वाटते ती येथे आहे. कपड्यांच्या धंद्यात माल हंगामाच्या कित्येक महिने आधी मागवावा लागतो. दुकानाच्या खरेदीदाराला ग्राहक काय मागेल याची खात्री नसते; त्याला इतर खरेदीदार काय मागवत आहेत एवढेच चाचपता येते. अशा माणसाला 'यंदा हिरवा चालणार आहे' असे तीन वेगवेगळ्या दिशांनी ऐकू आले, म्हणजे एकदा संपादिकेच्या लेखातून, एकदा रेशमाच्या विक्रेत्याकडून आणि एकदा ब्युरोच्या पत्रातून, तर त्याने ते खरे मानले की नाही याला फारसे महत्त्व उरत नाही. हिरवा चालला आणि आपल्याकडे तो नसला तर नोकरी धोक्यात. मागवला आणि चालला नाही तर सगळ्यांचेच चुकले. तो हिरवा मागवतो. दुकानात हिरवाच जास्त असल्याने ग्राहक हिरवा घेतो, विक्रीचे आकडे तसे येतात आणि संपादिकेला आपण वेळीच लिहिले याचे समाधान मिळते. भाकीत खरे ठरते, आणि खरे ठरलेल्या भाकिताची चौकशी कोणी करत नाही.

यातली खुबी ही, की तीन दिशांनी ऐकू आलेली गोष्ट एकाच तोंडातून निघालेली असते. वार्ताहर एखादी गोष्ट दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी पडताळून पाहतो, तेव्हा ती ठिकाणे खरोखर स्वतंत्र आहेत असे तो गृहीत धरतो. १९३४ साली एखाद्या मेहनती वार्ताहराने इन्फर्मरीला, ओनोंडागा सिल्कला आणि ब्युरोला स्वतंत्रपणे विचारले असते तरी तिघांनीही प्रामाणिकपणे होकार दिला असता. हिरव्या रंगाच्या या बातमीला पडताळणीची भीती नव्हती. बर्नेझ यांनी पडताळणीच्या जागा आधीच हिरव्या करून ठेवल्या होत्या.

या साखळीतल्या प्रत्येकाला त्याच्या हक्काचे काहीतरी मिळाले, हेही विसरता येत नाही. रुग्णालयाला निधी, रेशीमवाल्याला मागणी, संपादिकेला हंगामाचा मथळा, प्राध्यापकाला श्रोते, दुकानदाराला विक्रीची दिशा. ज्याला जे हवे ते त्याला द्यायचे आणि त्याबदल्यात फक्त रंग मागायचा, अशी ही रचना होती. मंदीच्या काळात, जेव्हा दुकाने आणि कारखाने ग्राहकाची वाट पाहत होते, तेव्हा असे देणे कोण नाकारील?

मोहिमेचा सर्वांत गमतीदार पुरावा प्रतिस्पर्ध्याकडून आला. कॅमल सिगारेटच्या जाहिरातीत लाल किनारीचा हिरवा पोशाख घातलेली तरुणी झळकली. म्हणजे लकी स्ट्राइकच्या पाकिटाचेच रंग. कॅमलची जाहिरात करणाऱ्यांनी बहुधा त्या वर्षीची फॅशन पाहून चित्र काढले असावे. बर्नेझ यांनी ही आठवण मोठ्या समाधानाने सांगितली आहे.

काय सिद्ध झाले

हिरवा रंग त्या हंगामात दिसला, हे मान्य करायला हरकत नाही. त्यामुळे लकी स्ट्राइकची पाकिटे जास्त खपली का, हा वेगळा प्रश्न आहे. स्त्रियांमधले धूम्रपान त्या दशकात वाढतच होते, कंपनी उघड जाहिरातींवरही प्रचंड खर्च करत होती, आणि मंदीतून अर्थव्यवस्था हळूहळू सावरत होती. या सगळ्यांतून एका रंगाचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही. फ्रेंच फॅशनगृहांनी तो रंग आधीच उचलला होता, म्हणजे बर्नेझ नसते तरी थोडा हिरवा त्या वर्षी दिसलाच असता. जनसंपर्काच्या धंद्याला हे धूसरपण सोयीचे असते. यश आले तर ते आपले. नाही आले तर बाजार खराब होता.

नीतीच्या बाजूने पाहिले तर दोष कोठे बोट ठेवून दाखवायचा, हे ठरवणे सोपे नाही, कारण छापून आलेले एकही वाक्य खोटे नव्हते. माझ्या मते दोष व्हँडरलिप यांच्या दिवाणखान्यात घडला. त्यांना पैसे कोणाचे हे सांगितले गेले नाही, आणि ते सांगितले असते तर रुग्णालयासाठी काम करणाऱ्या स्त्रीने होकार दिला असता का, हा निर्णय तिच्याकडून काढून घेतला गेला. पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेच्या आजच्या आचारसंहितेत प्रायोजक आणि ज्यांच्या वतीने काम चालते ते हितसंबंध उघड करावेत असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मुखवट्याच्या संस्था उभारणे गैर मानले आहे. त्या कसोटीवर कलर फॅशन ब्युरोचे कार्यालय एक दिवसही उघडे राहू शकले नसते. बर्नेझ यांनी उतारवयात तंबाखूसाठी केलेल्या कामाबद्दल खेद व्यक्त केला आणि धूम्रपानविरोधी प्रयत्नांना आपले कौशल्य देऊ केले; पण हा खेद वस्तूविषयी होता, पद्धतीविषयी नव्हता.

पद्धत तर कायमच राहिली, केवळ स्वस्त झाली. २००५ च्या जानेवारीत ब्रिटनमधल्या स्काय ट्रॅव्हल या वाहिनीच्या प्रेसनोटेतून 'ब्लू मंडे', म्हणजे वर्षातला सर्वांत उदास दिवस, जगापुढे आला. हवामान, कर्ज, नाताळ उलटून गेलेले दिवस यांची मोडतोड करून बनवलेले एक सूत्र त्यात होते आणि त्याखाली कार्डिफ विद्यापीठाशी संबंध असलेल्या एका शिक्षकाचे नाव होते. जवळपास तयार असलेल्या प्रेसनोटेखाली नाव द्यावे म्हणून जनसंपर्क (पीआर) एजन्सीने इतर अभ्यासकांनाही पैसे देऊ केले होते, हे बेन गोल्डेकर यांनी 'गार्डियन'मध्ये उघडकीस आणले आणि विद्यापीठाने हात झटकले. तरी जानेवारीचा तिसरा सोमवार आला की बातमी येतेच. नृत्यसमारंभाची जागा सूत्राने घेतली, व्याख्यात्या प्राध्यापकाची जागा सहीने. सहा महिन्यांचे काम एका ईमेलवर आले. बर्नेझ यांच्याकडे निदान हिरव्या कपड्यांचे २० टक्के खरे होते. येथे तेवढेही नव्हते.

लकी स्ट्राइकचे पाकीट पुढे शेवटी बदललेच. १९४० साली हिल यांनी ते काम डिझायनर रेमंड लोवी यांच्याकडे सोपवले आणि लोवी यांनी हिरव्याच्या जागी पांढरा रंग आणून लाल वर्तुळ दोन्ही बाजूंना ठेवले. म्हणजे बर्नेझ यांनी १९३४ मध्ये दिलेला पहिला, साधा सल्ला आता मानला गेला, आणि पांढरे पाकीट स्त्रियांना अधिक आवडेल हा हिशोबही तोच होता. पण १९४२ मध्ये पांढरे पाकीट बाजारात आले तेव्हा लोकांना कारण दुसरेच सांगितले गेले : हिरव्या शाईला लागणारे धातू सैन्याला हवे आहेत, म्हणून लकी स्ट्राइकचा हिरवा रंग युद्धावर गेला आहे. रेडिओवरून ही घोषणा लोकांनी इतक्या वेळा ऐकली, की तिच्यामागे कंपनीचा वेगळा काही विचार असेल असे फारसे कोणाच्या मनात आले नाही.